गडाला उचक्या, तळ्याला वळसा

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या गडकिल्ल्यांना उचक्या लागत असतील, इतकी आम्हांला त्यांची आठवण येते. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने रायगडासह बारा दुर्ग जागतिक वारशात घेतल्यापासून तर विचारायलाच नको. १९९६ पासून चालणाऱ्या रज्जुमार्गाने चार-पाच मिनिटांत माथ्यावर, होळीच्या माळावर फोटो, समाधीपुढे क्षणभर गंभीर चेहरा, आणि खाली येऊन पिठले-भाकरी. याला माझी हरकत नाही. त्या भाकरीवर पायथ्याच्या चार चुली पेटतात. शिवाय राजधानीला कोणी येऊ नये असे म्हणणारा मी कोण?

माझे भांडण परतीच्या वाटेशी आहे. गडापासून पंचवीसएक किलोमीटरवर महाड, आणि महाडात चवदार तळे. नगरपालिकेने १९२४ मध्ये ते सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. तो दप्तरातच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले. परतणाऱ्यांना मार खावा लागला. मागाहून गावाने पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले! गुरे पीत तेव्हा ते बाटत नव्हते. कोर्टकज्जा चालला तो थेट १९३७ पर्यंत. एवढे जिथे घडले तिथे आमची मोटार थांबत नाही. पेट्रोलला थांबते, वडापावला थांबते.

‘तिथे बघण्यासारखे काय आहे?’ म्हणे. बाजारपेठेची उघडी जोती तासभर न्याहाळून आलेल्या माणसाने हे विचारावे! मनातले उत्तर निराळे असते: ते ‘त्यांचे’ आहे. २० मार्चला लेकुरवाळ्या बाया, म्हातारेकोतारे एस्टीने, ट्रकने महाडला लोटतात. त्यांना पर्यटक कोणी म्हणत नाही. त्यांना ‘गर्दी’ म्हणतात.

(पोलादपूरकडे उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. पण आंबेनळी घाटाने महाबळेश्वरची थंड हवा गाठायची, तर तानाजीसाठीसुद्धा वाट वाकडी करवत नाही. असो.)

तळ्यावर मुलांना नेले तर ती विचारणार, “बाबा, पाणी प्यायले म्हणून मारले? कोणी मारले?” गडावर हे बरे असते. तिथे शत्रू कायम पलीकडचा. महाडात मात्र मारणाऱ्यांची आडनावे आपल्याच दारावरच्या पाटीशी जुळण्याचा संभव. तेव्हा मोटार महामार्गानेच पुढे जाते, आणि मुले मागच्या सीटवर झोपलेली असतात.