माणसे घटली म्हणून घरे नकोत?

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या उत्तर सीमेवर, नेब्रास्काला लागून ज्युएल काउंटी आहे. 1900 च्या जनगणनेत तिथे 19,420 माणसे होती. 2020 मध्ये 2,932 उरली. मधल्या बारा दशकांत एकाही जनगणनेत आकडा वर गेला नाही. अशा काउंट्यांविषयी एक मत आता रूढ झाले आहे: इथली वस्ती संपत चालली आहे, रिकामी घरे हवी तेवढी आहेत, तेव्हा इथल्या घरांवर सरकारी पैसा घालणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. हे मत चुकीचे आहे, आणि त्याची किंमत तिथे टिकून राहिलेल्या माणसांना मोजावी लागते.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. 1987 मध्ये रटगर्स विद्यापीठाचे फ्रँक पॉपर आणि त्यांच्या पत्नी डेबोरा पॉपर यांनी ‘बफेलो कॉमन्स’ची कल्पना मांडली. कॅन्सस ज्यात येते त्या ग्रेट प्लेन्स या गवताळ मैदानी पट्ट्यातली वसाहत ही मुळातच चूक होती. दहा राज्यांतला सुमारे 1,39,000 चौरस मैलांचा प्रदेश पुन्हा गवताळ करून बायसनांना मोकळा करावा, असे त्यांचे म्हणणे. कॅन्ससचे तेव्हाचे राज्यपाल माइक हेडन यांनी त्याला कडाडून विरोध केला. पुढे 2004 मध्ये, पॉपर दांपत्याचे निदान बरोबर होते, अशी जाहीर कबुलीही त्यांनीच दिली. पूर्वपक्ष दुबळा नाही. लोकसंख्या घटणार हे भाकीत खरे ठरले. पण भाकीत खरे ठरले म्हणून त्यातून काढलेला निष्कर्षही खरा ठरतो, असे नाही.

पहिली चूक कारणाबाबतची. माणसे का गेली? 1862 च्या होमस्टेड कायद्याने अर्जदाराला 160 एकरांपर्यंत जमीन देऊ केली. एका चौरस मैलात चार शेते, म्हणजे चार कुटुंबे. ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रे आल्यावर एकच कुटुंब कितीतरी पट जमीन कसू लागले. आज कॅन्ससमध्ये शेताचे सरासरी क्षेत्र सुमारे 800 एकर आहे. पाच होमस्टेडांचे मिळून एक शेत. पण जमीन ओस पडलेली नाही. या भागात मका, सोयाबीन, गहू पिकतो, आणि देशातली सर्वाधिक ज्वारी कॅन्ससच पिकवतो. माणसे घटली ती शेती बुडाली म्हणून नव्हे. तेवढ्याच शेतीला थोडे हात पुरू लागले म्हणून. ज्या मुलखात उत्पादन चालू आहे, त्याला मृत म्हणणे हा गणिताचा गैरवापर आहे.

दुसरी चूक उताराबाबतची. 2000 ते 2010 या दशकात ज्युएलने 714 माणसे गमावली. पुढच्या दशकात 145. घसरण थांबली असा दावा मी करत नाही. पण मंदावलेली घसरण पट्टी लावून शून्यापर्यंत ओढणाऱ्यांनी हा फरक आधी पाहायला हवा होता.

तिसरी चूक सर्वांत घातक. डोकी मोजायची आणि त्यावरून घरांची गरज ठरवायची. घर एका डोक्याला लागत नाही, एका चुलीला लागते. 1900 मध्ये अमेरिकेत एका कुटुंबात सरासरी 4.6 माणसे होती. आज सुमारे अडीच. ही राष्ट्रीय सरासरी ज्युएलला लावली तर तेव्हाची सुमारे 4,200 कुटुंबे आज 1,200 च्या आसपास येतात. माणसे 85 टक्के घटली, तरी चुली तेवढ्या घटल्या नाहीत. शिवाय म्हातारी माणसे जास्त असलेल्या अशा काउंटीत एकट्याने राहणारे अधिक, म्हणजे दरडोई घरे आणखी लागणार.

“पण रिकामी घरे आहेतच ना?” आहेत. मात्र जनगणनेच्या ‘रिकामे’ या रकान्यात शनिवार-रविवारपुरते उघडणारे घरही येते. ज्युएलमध्ये लव्हवेल जलाशय आहे, तिथल्या काठावरचे विसाव्याचे घर शाळेत रुजू होणाऱ्या शिक्षिकेच्या कामाचे नाही. छप्पर गळणारे, वारसांच्या वादात अडकलेले घरही त्याच रकान्यात. कागदावरचे रिकामे घर आणि राहण्याजोगे घर यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

मग बाजार नवी घरे का बांधत नाही? समजा, नवे घर उभारायला अडीच लाख डॉलर लागतात. शेजारची जुनी घरे स्वस्तात विकली गेलेली, म्हणून बँक त्याचे मूल्य दीड लाखच धरते. कर्ज त्या हिशेबाने मिळते. उरलेले लाखभर कुटुंबाने रोख कुठून आणायचे? घर बांधले जात नाही, आणि बांधले गेले नाही म्हणून गरज नव्हती, असा निवाडा होतो. परिणामालाच कारण म्हणायचे हे तर्कदुष्ट आहे.

कॅन्ससने 2011 मध्ये ‘रूरल अपॉर्च्युनिटी झोन’ योजना आणली: बाहेरून येणाऱ्यांना राज्याच्या आयकरात पाच वर्षे सूट, शैक्षणिक कर्ज फेडायला 15,000 डॉलरपर्यंत मदत. हेतू चांगला, पण आलेला माणूस रात्री झोपणार कुठे? घर नसताना दिलेले आमंत्रण पोकळ ठरते.

तेव्हा करायचे काय? पहिले, डागडुजी. केंद्रीय कृषी खात्याच्या ‘504’ योजनेत 62 वर्षे पूर्ण झालेल्या गरीब घरमालकांना दुरुस्तीसाठी 10,000 डॉलरपर्यंत अनुदान मिळते; आज गळते छप्पर सावरले तर उद्याचे खिंडार टळते. दुसरे, गावातच वृद्धांसाठी छोटी, एकमजली, पायऱ्या नसलेली घरे. आजी तिथे राहायला गेल्या की त्यांचे मोठे घर लेकुरवाळ्या कुटुंबाला मिळते. एका बांधकामात दोन घरांची सोय. तिसरे, खर्च आणि बँकेचे मूल्य यांतली दरी सरकारने उघडपणे भरून काढावी. रस्ता बांधताना त्याची विक्रीकिंमत कोणी विचारत नाही.

आयोवा स्टेट विद्यापीठाच्या ‘श्रिंक स्मार्ट’ प्रकल्पाने माणसे घटूनही जगणे सुधारलेली छोटी गावे अभ्यासली आहेत. त्यांचा धडा साधा आहे: वाढीच्या मागे धावण्याऐवजी आहेत त्यांचे जीवनमान सांभाळा. ज्युएलने हे शाळेच्या बाबतीत केले आहे. 2006 मध्ये मंकेटो आणि व्हाइट रॉक हे शालेय जिल्हे एकत्र येऊन ‘रॉक हिल्स’ झाले. मुले घटली म्हणून शिक्षण बंद झाले नाही, त्याचा आकार बदलला. हाच न्याय घरांना लावायचा आहे.

19,420 माणसांची ज्युएल परत येणार नाही, आणि ती आणण्याचे आश्वासन देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पण 2,932 हा आकडा उरलेल्या गाळाचा नाही, तो नागरिकांचा आहे. देशाचे धान्य पिकवणाऱ्या माणसाला राहण्याजोग्या घराचा हक्क, त्याचे शेजारी किती उरले यावर ठरू शकत नाही.