दुकान वाढवले, संगणक मात्र बंद होईना

आपल्या अनेक व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या धंद्यात संगणकाने आता हिशेबवहीची जागा घेतली आहे. भिवंडीचा यंत्रमागधारक असो की धारावीतील चामड्याचा कारागीर, मालाची मागणी, दरपत्रके, बिले ई-मेलने येतात-जातात. परंतु वडीलधारे वहीची जी काळजी घेत, ती आपण या टपालाची घेत नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

रात्री दुकान वाढवताना संगणक बंद करावा, तर पडद्यावर सूचना येते की आउटलुक अजून चालू आहे. घरी जाण्याची घाई असते. मग कोणी ‘तरीही बंद करा’ हे बटण दाबतो, तर कोणी सरळ भिंतीवरचा खटका खाली करतो. ही सवय धंद्याला घातक आहे.

कारण असे की, क्लासिक आउटलुकमध्ये पॉप पद्धतीचे खाते असेल तर सारे टपाल आपल्याच संगणकावरील एका पीएसटी फाइलमध्ये साठते. कंपनीच्या सर्व्हरवरील प्रत ठराविक दिवसांनी काढून टाकण्याची व्यवस्था बहुधा असते. म्हणजे जुना पत्रव्यवहार केवळ या एका फाइलमध्ये उरतो. तिच्यात लिहिणे चालू असताना वीज तोडली, तर ती बिघडू शकते. वसुलीचा वाद उभा राहिला तर पुरावा कोठून आणणार?

वास्तविक दोष शोधणे अवघड नाही. प्रथम आउटबॉक्स पाहावा. मोठे छायाचित्र जोडलेले पत्र तेथे अडकले असेल, तर आउटलुक ते पाठवण्याच्या खटपटीत राहतो. ‘वर्क ऑफलाइन’ करून ते पत्र काढावे व छायाचित्र लहान करून पुन्हा पाठवावे.

दुसरे कारण म्हणजे जोड-प्रोग्राम, अर्थात अॅड-इन. विषाणुरोधक, हिशेबाचा किंवा मोबाइलशी मेळ घालणारा प्रोग्राम आउटलुकला धरून ठेवतो. खिडकी मिटते, पण आत काम चालूच राहते. कंट्रोलची कळ दाबून आउटलुक उघडला की तो सेफ मोडमध्ये, म्हणजे या जोडांशिवाय, चालू करायचा का असे विचारतो. ‘होय’ म्हणावे. तसा चालवल्यावर संगणक मुकाट्याने बंद झाला, तर दोष जोडांचा समजावा आणि ते एकेक करून बंद करून पाहावेत.

तिसरे कारण फाइलचा अवाढव्य आकार. 2010 पासूनच्या आवृत्त्यांत ही फाइल 50 जीबीपर्यंत वाढू शकते, पण मर्यादा आहे म्हणून गोदाम छतापर्यंत भरावे असे नव्हे. जुनी वर्षे वेगळ्या फाइलमध्ये काढावीत. फाइल बिघडल्याची शंका आली, तर आधी तिची प्रत घेऊन मगच आउटलुकसोबत येणारे स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचे साधन चालवावे.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. काही दुरुस्तीवाले अशा तक्रारीवर लगेच ‘फॉरमॅट मारू’ म्हणतात. त्यांचे काम तासाभरात उरकते, पण पीएसटीची प्रत बाजूला काढली नसेल तर आपली अनेक वर्षांची देवघेव पुसली जाते. प्रत हाती आल्याशिवाय संगणक कोणाच्याही ताब्यात देऊ नये.

आठवड्यातून एकदा आउटलुक पूर्ण बंद करून ही फाइल वेगळ्या डिस्कवर उतरवावी. आउटलुक चालू असताना ती नीट उतरत नाही. संगणक अडला तर पाच मिनिटे थांबावे आणि सूचना वाचावी. त्यानंतरही तो हटला नाही, तर टास्क मॅनेजरमधून आउटलुक थांबवावा. हा शेवटचा उपाय आहे, रोजचा नव्हे.

गल्ला मोजल्याशिवाय आपण कुलूप लावत नाही. मग ज्या फाइलमध्ये गिऱ्हाइकाचा शब्द आणि आपला शब्द दोन्ही नोंदलेले आहेत, तिच्यासाठी पाच मिनिटे काढणे जड का वाटावे?