टार्गेट सांगणाऱ्यांनो, आधी तुमचा हिशेब दाखवा

बिटकॉइनचा भाव पुढच्या महिन्यात कुठे असेल, हे जगात कुणालाही ठाऊक नाही. इथेरियमचा, डोजकॉइनचा किंवा काल जन्माला आलेल्या एखाद्या टोकनचा भाव उद्या सकाळी काय असेल, हेही कुणाला ठाऊक नाही. इतकी साधी गोष्ट ठणकावून सांगावी लागते, कारण ठाऊक असल्याचं सोंग आणणं हा आता राजरोस धंदा झाला आहे. यूट्यूबवर, टेलिग्रामवर, इन्स्टाग्रामच्या रीळमध्ये रोज टार्गेटं वाटली जातात. अमुक कॉइन तीन महिन्यांत दसपट, तमुक कॉइन दिवाळीपर्यंत एक डॉलर. भाकीत चुकलं की सांगणारा नामानिराळा राहतो आणि किंमत मोजतो तो ऐकणारा.

मी नाशिकमध्ये प्राप्तिकराची विवरणपत्रं भरून देतो. जून-जुलैत विशी-पंचविशीतली पोरं एक्स्चेंजची स्टेटमेंटं घेऊन येतात. कुणी कंपनीत ट्रेनी असतो, कुणी इंजिनिअरिंग करून घरी बसलेला, कुणी द्राक्षबागायतदाराचा मुलगा. गेल्या हंगामात एक मुलगा वडिलांना घेऊन आला. वडील सातपूरच्या कारखान्यात फिटर. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “साहेब, पोराचे पैसे बुडालेत. मग सरकार कर कसला मागतंय?”

प्रश्न रास्त होता आणि उत्तर कडू होतं. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस लागतो. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षाकडे ओढताही येत नाही. एकात लाख मिळाले आणि दुसऱ्यात लाख गेले, तर हाती शून्य उरतं आणि कराचे ३१,२०० रुपये मात्र खिशातून भरावे लागतात. त्याशिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे. टार्गेट सांगणाऱ्या एकाही माणसाच्या तोंडून हा हिशेब मी ऐकलेला नाही.

त्या मुलाने सगळ्यात जास्त पैसे ज्या कॉइनमध्ये घालवले, तो त्याला टेलिग्रामच्या ग्रुपवरून मिळाला होता. मी त्याला मोबाइल टेबलावर ठेवायला सांगितला आणि ग्रुपवरचा मेसेज, त्याचं स्टेटमेंट आणि त्या दिवसाचा चार्ट शेजारी शेजारी लावून पाहिले. मेसेज रात्री ९.०२ ला आला होता. पोराने खरेदी केली ९.०४ ला. चार्टवर खरेदीचा जोर मात्र पावणेनऊपासूनच वाढत गेलेला दिसत होता, म्हणजे मेसेज येण्याच्या सतरा मिनिटं आधीपासून. दिवसातला सर्वांत चढा भाव ९.०५ ला लागला आणि साडेनऊच्या आत भाव मेसेजपूर्वीच्या पातळीच्याही खाली आला. कुणीतरी आधी स्वस्तात माल भरला, मग टार्गेट जाहीर केलं आणि धावत आलेल्या पोरांच्या गळ्यात तो माल मारला. वडील तो चार्ट बराच वेळ पाहत राहिले. मुलगा म्हणाला, “सर, ॲडमिनने तर सांगितलं होतं, होल्ड करा.” अर्थातच सांगितलं होतं. सगळ्यांनी एकदम विकायला काढलं असतं, तर ॲडमिनचा माल कोण घेणार होता?

यावर कुणी म्हणेल, हे भुरटे झाले, मोठ्या अभ्यासकांचं तसं नसतं. मग मोठ्यांचीही नोंद तपासू. अँटिव्हायरसवाले जॉन मॅकॅफी यांनी २०१७ मध्ये बिटकॉइन तीन वर्षांत ५ लाख डॉलर होईल असं सांगितलं आणि काही महिन्यांतच आकडा वाढवून २०२० अखेर १० लाख डॉलरवर नेला. २०२० संपलं तेव्हा भाव २९ हजारांच्या आसपास होता. अमेरिकी गुंतवणूकदार टिम ड्रेपर यांनी २०१८ मध्ये २०२२ अखेरचा आकडा दिला अडीच लाख डॉलर. प्रत्यक्षात ते वर्ष साडेसोळा हजारांच्या आसपास संपलं. ड्रेपर यांनी मुदत वाढवून घेतली. वायदा चुकला की पुढची तारीख द्यायची, ही सोय फक्त भाकीत सांगणाऱ्यांनाच असते. कर्जाचा हप्ता चुकलेल्या पोराला बँक अशी तारीख देत नाही.

‘प्लॅन बी’ या टोपणनावाच्या विश्लेषकाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. त्याने बिटकॉइनचा एकूण साठा आणि नवी भर यांच्या गुणोत्तरावर बसवलेलं मॉडेल २०१९ मध्ये मांडलं. २०२१ च्या मध्यात त्याने महिनेवारी आकडे दिले, तेही वाईटात वाईट परिस्थितीतले म्हणून. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे तीन महिने भाव त्या आकड्यांच्या अगदी जवळ राहिला आणि लोकांची श्रद्धा बसली. नोव्हेंबरसाठी आकडा होता ९८ हजार, प्रत्यक्षात भाव ५७ हजार. डिसेंबरसाठी १ लाख ३५ हजार, प्रत्यक्षात ४६ हजारांच्या आसपास. भाकिताचा खरा घात इथे असतो. ते पहिल्याच फटक्यात चुकलं असतं तर नुकसान थोडक्यात निभावलं असतं. तीनदा जुळल्यामुळे लोकांनी चौथ्या वेळी हात सैल सोडून पैसे लावले.

बुडणार म्हणणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. जेपी मॉर्गनचे प्रमुख जेमी डायमन यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये बिटकॉइनला फसवणूक म्हटलं आणि याचा शेवट बरा होणार नाही असं बजावलं. तेव्हा भाव ४ हजार डॉलरच्या आसपास होता. तीन महिन्यांत तो २० हजारांच्या उंबरठ्यावर गेला. त्यानंतर वर्षभरात तो सव्वातीन हजारांपर्यंत खाली आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सव्वा लाखाच्या वर पोहोचला. चढणार म्हणणारा आणि पडणार म्हणणारा, दोघांनाही आपलं भाकीत खरं ठरल्याचा एखादा दिवस या आलेखात सापडतो. कोणत्याही भाकिताला कधी ना कधी पुरावा मिळत असेल, तर त्या भाकिताला काडीची किंमत नाही.

हे असं का होतं, याचं उत्तर अवघड नाही. कंपनीच्या शेअरमागे विक्री असते, नफा असतो, कर्ज असतं, ताळेबंद असतो. अंदाज तिथेही चुकतात, पण चूक कशात झाली ते ताळेबंद उघडून दाखवता येतं. बिटकॉइनला उत्पन्न नाही, व्याज नाही, लाभांश नाही. त्याचा भाव ठरतो तो पुढचा माणूस किती द्यायला तयार आहे यावर. म्हणजे भावाचं भाकीत करणारा लाखो अनोळखी माणसांच्या उद्याच्या मनाबद्दल बोलत असतो आणि त्याला चार्टवरच्या तीन रेघांचा आधार पुरेसा वाटतो. त्या रेघांनाही दोन्हीकडे पळवाट ठेवलेली असते. सपोर्ट टिकला तर वर, सपोर्ट तुटला तर खाली. एवढं सांगायला चार्ट कशाला हवा?

हाविंगचा दाखला तर ऊठसूट दिला जातो. दर २ लाख १० हजार ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी, नव्या बिटकॉइनची भर निम्मी होते. २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ मध्ये तसं झालं. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांपुढे जाणार नाहीत, हेही खरं. पण पुरवठ्याचं हे वेळापत्रक पहिल्या दिवसापासून सगळ्या जगाला माहीत आहे. जे सगळ्यांना माहीत आहे त्यावरून कुणा एकाला गुपित कसं कळणार? आणि चार घटनांवरून नियम बसवणाऱ्याला कॉलेजातला संख्याशास्त्राचा विद्यार्थीसुद्धा थांबवील. आधी हाविंग, मग काही महिन्यांनी नवा उच्चांक, असा क्रम घोकून घेतला जात होता. २०२४ मध्ये एप्रिलच्या हाविंगआधीच, मार्चमध्ये, ७३ हजारांवर नवा उच्चांक झाला आणि तो क्रमही मोडला.

भाव खरोखर ज्यांनी हलवला त्या घटना कुणाच्या रेघेत होत्या? मार्च २०२० मध्ये करोनाच्या धास्तीने भाव एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर आला. मे २०२२ मध्ये लुना हा ८० डॉलरचा कॉइन आठवडाभरात मातीमोल झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे बलाढ्य एक्स्चेंज दिवाळखोरीत गेलं आणि त्याचा संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड याला पुढे २५ वर्षांची शिक्षा झाली. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या आपल्याकडच्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं आणि ग्राहकांचं क्रिप्टो वर्षाहून अधिक काळ अडकून पडलं. ज्यांचा कॉइन त्या काळात वर गेला, म्हणजे भाकीत अगदी बरोबर आलं, त्यांनाही तो विकता येईना.

फ्युचर्समध्ये तर भाकीत खरं ठरूनही माणूस बुडतो. दहा हजार रुपयांवर वीसपट लिव्हरेज घेतलं की सौदा दोन लाखांचा होतो. भाव पाच टक्के उलटा गेला की दहाच्या दहा हजार साफ. एक्स्चेंज तर त्याच्याही थोडं आधीच सौदा कापतं. या बाजारात पाच टक्के ही एका दिवसाची, कधी तासाभराची हालचाल असते. भाव सकाळी पाच टक्के पडून संध्याकाळी दहा टक्के चढला, तर टार्गेट सांगणारा ‘बघा, मी म्हटलं होतं’ म्हणून मिरवतो आणि त्याचं ऐकणाऱ्याचं खातं दुपारीच रिकामं झालेलं असतं.

मग या भाकितांवर पोट कुणाचं भरतं? रेफरल कोडवर कमिशन घेणाऱ्यांचं, पेड ग्रुपची फी घेणाऱ्यांचं आणि टोकनवाल्यांकडून सुपारी घेणाऱ्यांचं. किम कार्दशियन यांनी इथेरियममॅक्स नावाच्या टोकनची जाहिरात केली आणि त्यासाठी अडीच लाख डॉलर घेतल्याचं लपवलं, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांना अमेरिकी नियामकाला १२ लाख ६० हजार डॉलर मोजावे लागले. दहा लाखांचं भाकीत करणाऱ्या मॅकॅफींवर मार्च २०२१ मध्ये अमेरिकी सरकारी वकिलांनी आरोप ठेवला, की त्यांनी छोटे कॉइन आधी स्वतः घेतले, मग ट्विटरवर त्यांचा गाजावाजा केला आणि भाव चढताच विकून टाकले. खटला चालण्याआधीच स्पेनच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. माझ्या टेबलावरच्या त्या मोबाइलमध्ये जे दिसलं, तीच तऱ्हा. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या संशोधकांनी २०१५ ते २०२२ या काळातल्या ९५ देशांच्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष असा, की क्रिप्टो ॲप वापरणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी बिटकॉइनमध्ये बहुधा पैसे गमावले. भाव चढत असताना छोटे घेत होते, तेव्हा मोठे विकत होते.

मुंबईने हा खेळ आधी पाहिलेला आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडणारा आणि बंद होणारा भाव काय असेल, यावर एकेकाळी इथे आकडा लागायचा. ते भाव येणं थांबलं, तेव्हा खेळ थांबला नाही. मडक्यातून चिठ्ठ्या काढून ओपन-क्लोज सुरू झालं. कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचा मटका त्यातून उभा राहिला आणि गिरणगावातले पगार त्यात गेले. आकडा कापसाचा असो की चिठ्ठीचा, लावणाऱ्याला फरक पडत नव्हता. आज कॉइनचं नावही धड ठाऊक नसताना पैसे लावणाऱ्या पोरांनाही तो पडत नाही. फरक एवढाच, की मटका बेकायदा होता आणि आजचा आकडा सांगणाऱ्याला कुणी हटकत नाही.

माझा खरा राग इथे आहे. शेअरबाबत मोबदला घेऊन सल्ला द्यायचा, तर सेबीच्या २०१३ आणि २०१४ च्या नियमांनुसार नोंदणी लागते. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने शिकवणीच्या नावाखाली ताजे भाव दाखवून टिप्स देण्यालाही चाप लावला. क्रिप्टोला मात्र हे नियम लागू नाहीत. सरकारने ३० टक्के कर बसवला, टीडीएस कापायला लावला, मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंजना मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आणलं. म्हणजे पोरगा नेमका कुठे पैसे लावतो, हे सरकारला पुरतं ठाऊक आहे. कर घ्यायला सरकार हजर आणि संरक्षण द्यायची वेळ आली की हात वर, ही तऱ्हा निर्लज्जपणाची आहे.

कुणी म्हणेल, ज्यांनी बिटकॉइन वर्षानुवर्षं धरून ठेवला त्यांचं भलं झालंच ना? काहींचं झालं. पण डिसेंबर २०१७ च्या शिखरावर घेणाऱ्याला तो भाव पुन्हा दिसायला तीन वर्षं लागली. तेवढा काळ गरज नसलेला पैसा आणि शांत डोकं ज्यांच्याकडे होतं ते तरले. त्यांना पुढच्या महिन्याचा भाव कुणी सांगितला नव्हता.

सरकारकडे माझी मागणी स्पष्ट आहे. क्रिप्टोच्या भावाबद्दल मोबदला किंवा कमिशन घेऊन बोलणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी सक्तीची करा. स्वतःकडे तो कॉइन आहे का, आणि जाहिरातीचे पैसे घेतलेत का, हे सांगणं बंधनकारक करा. लपवणाऱ्याला तुरुंगात घाला. आणि तोटा वजा करू न देणारी कराची तरतूद काढून टाका. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडून नफ्याचा कर घेणं अन्याय आहे.

तरुणांनो, तुम्ही कायद्याची वाट पाहू नका. पुढचं टार्गेट समोर येईल तेव्हा सांगणाऱ्याकडे त्याचं वर्षभराचं ट्रेड स्टेटमेंट आणि भरलेलं विवरणपत्र मागा. तो ते दाखवणार नाही. त्याच क्षणी ग्रुप सोडा आणि पैसे बँकेत राहू द्या.