सीट फोडण्याआधी खड्डा पाहा



या पेजवर नेहमी कपाशी, तूर, सोयाबीनचं लिहितो. आज संडासाचं लिहितो. हसू नका राजेहो, हाही मातीचाच विषय आहे. आपल्या अल्लीपूरकडच्या काळ्या मातीचा तर जास्तच.

२ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत मिशन सुरू झालं. १२ हजार रुपये अनुदान मिळालं, गावोगाव संडास उभे झाले. चांगलंच झालं. आयाबहिणींचं अंधाराची वाट पाहणं थांबलं. पण बांधायला पैसे आले, बिघडल्यावर काय करायचं हे कोणी सांगितलं नाही. आता पावसाळा लागला की तक्रार ऐकू येते, "भाऊ, पाणी जात नाही, भरून येते." मग तालुक्याहून प्लंबर येतो, सीट फोडतो, नवी सीट, नव्या टाइल्स बसवतो. पुढच्या श्रावणात पुन्हा तेच.

माझं म्हणणं सरळ आहे. सीट बदलण्याआधी खड्डा पाहा. काळ्या मातीत दुखणं बहुतेक तिथंच असते.

काहून ते आपल्याला वावरातून माहीतच आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, कितीही पाणी टाका, पिऊन घेते. पाऊस पडला की तीच माती फुगते, भेगा बुजतात, निचरा बंद. एप्रिल-मे महिन्यात खोदलेला शोषखड्डा म्हणूनच झकास चालतो आणि ऑगस्टमध्ये तोंडाशी येतो. तेव्हा उन्हाळ्यात खड्डा पाहून मिस्तरीला शाबासकी देऊ नका.

दोष कुठं आहे ते घरीच कळते. चेंबरचं झाकण काढा, सीटमध्ये बादलीभर पाणी ओता.
– पाणी सीटमध्येच थांबलं आणि चेंबर कोरडा, तर अडथळा सीटच्या कोंबड्यात किंवा पाइपात आहे. हे प्लंबरचं काम, बोलवा.
– चेंबरच तुंबलेला असेल तर खड्डा भरला किंवा मुरत नाही. इथं नवी सीट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.
– पाणी जाते पण वास येतो, तर कोंबड्यात पाणी राहते का पाहा. तडा असेल तर तेवढी सीट बदला.

सीट बदलायचीच असेल तर खोल उताराची ग्रामीण सीट घ्या. तिला दीड-दोन लिटर पाणी पुरते. शहरी सपाट सीटला बादलीभर लागते. मे महिन्यात ते पाणी कोण आणणार? घरातल्या बायाच.

आता खड्ड्याचा उपाय. एक खड्डा असेल तर दुसरा जोडा. दोघांत निदान तीन-साडेतीन फूट अंतर ठेवा. विटांच्या बांधकामात भोकं सोडा, तळाला सिमेंट नको, आतून प्लास्टर तर बिलकुल नको. काळ्या मातीत बांधकामाच्या बाहेरून चौफेर एक फूट जागा सोडून रेती-गिट्टी भरा. पाणी मुरायला तेवढी जागा मिळते. विहीर आणि हातपंप निदान तीस-पस्तीस फूट लांब हवा. भूजल वर येत असेल तर आणखी लांब.

दोन्ही खड्डे एकाच वेळी चालू ठेवायचे नसतात. चेंबरमध्ये एकाचं तोंड विटेनं बंद करायचं. पहिला भरला की दुसरा चालू. पहिल्याला दोन वर्षं हात लावायचा नाही. नंतर त्यातून निघते ते काळं, भुरभुरीत, बिनवासाचं सोनखत. धुऱ्यावरच्या झाडांना घाला.

काही जण म्हणतील, एवढं कशाला, मोठी पक्की टाकी बांधा, वीस वर्षं पाहायला नको. बाप्पा, टाकीचं घाण पाणी शेवटी कुठं जाते? नालीत. आणि ती उपसायला कोण उतरते? गरिबाचा पोरगा. आत विषारी वायू असतो, माणूस उतरला की वर येईलच असं नाही. २०१३ च्या कायद्यानं विनासंरक्षण माणूस टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. दोन खड्ड्यांत कोणाला घाणीत हात घालावा लागत नाही, ही सगळ्यात मोठी गोष्ट.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. १९४६ च्या सुमारास विनोबा पवनारहून रोज फावडं घेऊन सुरगावला मैला साफ करायला जात. तिकडं कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचं खत करणारे संडास उभे केले. घाण ही जातीवर सोपवायची गोष्ट नाही, ती मातीत परत द्यायची आहे, हे दोघांनी स्वतः करून दाखवलं.

काम देताना मिस्तरीला तीन प्रश्न विचारा: खड्ड्याला आतून प्लास्टर करणार का? पाइपाला उतार किती देणार? (सव्वा फुटाला एक इंच तरी पाह्यजे.) दोन्ही खड्डे एकमेकांना जोडणार का? पहिल्या आणि तिसऱ्याला "हो" म्हणाला तर दुसरा मिस्तरी पाहा. मजुरी, सामान कोणाचं, किती दिवस, हे कागदावर घ्या. थोडे पैसे हातचे राखा, चेंबर उघडा ठेवून दहा बादल्या ओतून पाहा, मग हिशेब मिटवा.

आणि ग्रामपंचायतीला एक मागणी. मिशनच्या २०२० नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात एका खड्ड्याला दुसरा जोडणं बसते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतही पाणी-स्वच्छतेसाठी ६० टक्के भाग बांधील ठेवला. ग्रामसभेत विचारा, त्यातून गावातल्या दोन-चार पोरांना हे काम शिकवलं का? गावातच मिस्तरी तयार झाला तर घरातली माणसं दुरुस्तीच्या वाटेवर बसून पुन्हा उघड्यावर जाणार नाहीत. ठिबकची नळी जोडायला आपण पोरं तयार केली, मग हे का नाही?

कृषी विभागातली मंडळी हे वाचत असतील तर त्यांनीही भर घालावी. काळ्या मातीच्या निचऱ्याचं तुम्हाला आमच्याहून जास्त कळते. तुमच्या गावात खड्ड्याभोवती रेती-गिट्टी कोणी भरली असेल, तर पावसाळ्यात कसं चाललं ते खाली जरूर लिहा.