सायकलला कॅमेरा लावायचा की नाही?

गेल्या महिनाभरात सिग्नलला, टेकडीवर, अगदी किराणा दुकानातसुद्धा लोकांनी मला एकच प्रश्न विचारलाय. "दादा, हँडलवर ते काय लावलंय? कॅमेरा का? आम्हीपण घेऊ का?" सिग्नल हिरवा व्हायच्या आत याचं उत्तर देता येत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी कॅमेरा का आला ते सांगतो. मी वारज्याहून शिवाजीनगरला सायकलने ऑफिसला जातो, नऊ वर्षं झाली. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. गेल्या वर्षी जुलैत, सकाळी पावणेनऊला, कर्वे रोडवर पावसाची भुरभुर चालू होती. मागून टेम्पो आला, त्याचा आरसा माझ्या कोपराला लागला आणि मी डावीकडे आडवा झालो. कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात झोळीत. टेम्पो थांबला नाही. मला आठवतंय ते एवढंच, निळी ताडपत्री आणि मागे लिहिलेलं 'आई-वडिलांचा आशीर्वाद'. आता पुण्यात निळ्या ताडपत्रीचे आणि आई-वडिलांच्या आशीर्वादाचे टेम्पो किती असतील, तुम्हीच सांगा.

चौकीत पहिला प्रश्न आला, "नंबर?"

"नाही बघता आला."

"अर्धवट तरी? एमएच बारा होता का चौदा?"

तेही सांगता आलं नाही. 'अज्ञात वाहन' अशी नोंद झाली. जिथे पडलो तिथून शंभर पावलांवर सिग्नलच्या खांबावर कॅमेरा होता. त्याचं फुटेज मिळेल का विचारलं, तर अर्ज करा म्हणाले. हात झोळीत, डाव्या हाताने सही करून अर्ज केला. उत्तर यायला इतके दिवस गेले की तोवर फुटेज शिल्लकच नव्हतं.

तेव्हा मला त्या एका नंबराची किंमत कळली. आपल्याकडे प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. नंबर कळला की वाहन कळतं, वाहनावरून विमा कंपनी कळते आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात खर्चाचा, बुडालेल्या पगाराचा, कायमच्या दुखापतीचा दावा लावता येतो. नंबर नसेल तर उरते ती 'हिट अँड रन'ची ठरावीक भरपाई. एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार आहे. म्हणजे घरातला कमावता माणूस गेला आणि ठोकणारा पळून गेला, तर घरच्यांच्या हातात दोन लाख. हा फरक फक्त नंबर दिसला की नाही याचा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात सायकलवाले साडेचार हजारांच्या वर. त्यातल्या किती घरांना नंबर माहीत होता, कोण जाणे.

म्हणून मेहुण्याने दिवाळीत कॅमेरा दिला तेव्हा नाही म्हटलं नाही. आज सात-आठ महिने वापरतोय. आता जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, कॅमेऱ्याने अपघात टळत नाही. "कॅमेरा दिसला की लोक नीट चालवतात" असं सांगणारे बहुतेक कॅमेरा विकणारे असतात. मागून येणाऱ्याला तुमच्या हँडलवरची ती काळी डबी दिसतच नाही. दिसली तरी त्याला तो दिवा वाटतो. चांगला मागचा दिवा आणि उजळ रंगाचं जॅकेट यावर आधी पैसे घाला. कॅमेरा त्यानंतर.

दुसरी गोष्ट, कॅमेऱ्याला सगळं दिसत नाही. वाइड अँगल लेन्समुळे वाहन प्रत्यक्षापेक्षा लांब दिसतं. माझ्या मांडीला घासून गेलेली रिक्षा व्हिडिओत चांगली चार फूट लांब वाटते. रात्री हेडलाइटच्या उजेडात नंबरप्लेट म्हणजे पांढरा डाग. पावसाळ्यात लेन्सवर थेंब, आणि आपल्या खड्ड्यांत हँडल इतकं हादरतं की फुटेज बघून मळमळतं. माझा उपाय बावळट आहे पण चालतो. कोणी कट मारून गेलं की मी त्याचा नंबर मोठ्याने बोलतो. चित्र नाही आलं तरी आवाज येतो.

तिसरी गोष्ट पुराव्याची. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली क्लिप म्हणजे पुरावा नव्हे. जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात प्रश्न व्हिडिओ चित्रीकरणाचाच होता. त्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरण हजर करता येत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवंच. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे त्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक पुरावा देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा. तेव्हा अपघात झाला तर मेमरी कार्ड लगेच काढून ठेवा, नाहीतर कॅमेरा त्यावरच पुढचं रेकॉर्डिंग करत सुटतो. फाइल कापू नका, गाणं लावू नका, बाण काढू नका. आणि कॅमेऱ्यातली तारीख-वेळ आजच तपासा. माझ्या कॅमेऱ्यात पहिले दोन महिने २०१८ साल चालू होतं!

इथवर सगळं सोपं आहे. पुढचं लिहायला मला जरा जड जातंय.

कॅमेरा लागल्यावर मी बदललो. आधी कोणी आडवं आलं की मनात शिवी देऊन पुढे जायचो. आता मी वाट बघू लागलो, आज काय सापडतंय याची. संध्याकाळी जेवायच्या आधी लॅपटॉपवर फुटेज चाळायचं आणि 'भारी' क्लिप बाजूला काढायच्या. एकदा मुलगी मागे उभी राहून बघत होती. व्हिडिओत मी एका मोपेडवाल्या आजोबांवर ओरडत होतो. ती म्हणाली, "बाबा, तू असा बोलतोस बाहेर?" मी म्हटलं, त्यांची चूक होती. ती म्हणाली, "हो, पण तू थांबून ओरडलास. पुढे जाऊ शकला असतास." आणखी एक सांगून टाकतो. त्याच आठवड्याच्या फुटेजमध्ये नळ स्टॉपचा सिग्नल मी स्वतः दोनदा तोडलेला आहे. ते मी बाजूला काढलं नव्हतं.

आणि मग डिसेंबरमधली ती क्लिप.

एक डिलिव्हरीवाला पोरगा उलट्या दिशेने गाडी घेऊन सरळ माझ्या अंगावर आला. मी फूटपाथला टेकलो, थोडक्यात वाचलो. राग आला होता. घरी आलो आणि नंबर, चेहरा, सगळं दिसत असलेली क्लिप आमच्या भागातल्या ग्रुपवर टाकली. 'हे कधी सुधारणार?' एवढंच लिहिलं होतं. तासाभरात शंभर प्रतिक्रिया. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तीन दिवसांनी तीच क्लिप मला दुसऱ्याच ग्रुपवरून परत आली. खाली मजकूर वेगळा. बाहेरून आलेल्या लोकांनी पुण्याची वाट लावली, यांना ठोकून काढा, वगैरे. एकाने तर तो कुठे उभा असतो तेही लिहिलं होतं. तो पोरगा कुठला आहे हे मला माहीत नव्हतं, त्या लिहिणाऱ्यालाही नव्हतं. मी माझी पोस्ट काढली. पण फॉरवर्ड झालेलं परत येत नाही. त्या मुलाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. नोकरी गेली का, मार खाल्ला का, का काहीच झालं नाही. त्याची चूक होती, हे मी आजही म्हणतो. पण त्या चुकीची शिक्षा काय हे ठरवायला मी तो शंभर अनोळखी माणसांच्या हाती दिला होता.

आणि एक बघा. माझ्याकडे काळ्या काचांच्या मोठ्या गाड्यांच्या क्लिपही होत्या, टेम्पोला शोभेल अशा चालवलेल्या. त्या मी टाकल्या नाहीत. काळ्या काचेमागे चेहरा दिसत नाही, आणि त्या मालकाच्या ओळखी कुठवर असतील याची मनात थोडी भीतीही असते. म्हणजे रस्त्यावर ज्याचा चेहरा उघडा, तोच व्हायरल होतो.

आमच्या सोसायटीत रात्रपाळीला येणारे वॉचमनकाका धायरीहून सायकलने येतात. त्यांना सहज म्हटलं, काका, तुमच्यासाठीही एखादा स्वस्तातला बघू का? हसले. म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं कॅमेरा असला तर पोलीस व्हिडिओ बघतील. माझ्याकडं बघितला तर विचारतील, हा कुठनं आणला."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण तेव्हापासून मला वाटतं की 'कॅमेरा लावावा का' हा प्रश्न अर्धाच आहे. या शहरात हौसेने सायकल चालवणाऱ्यांपेक्षा गरजेने चालवणारे जास्त आहेत. पेपर टाकणारे, दूधवाले, बांधकामावरचे मजूर, घरकामाला जाणाऱ्या ताई. न्याय मिळवायचा तर आधी चार-पाच हजारांचा कॅमेरा विकत घ्या, असं आपण त्यांना सांगणार आहोत का?

कारण कॅमेरे शहरात आधीच आहेत. चौकाचौकात आहेत. हेल्मेट नसेल, झेब्रा क्रॉसिंगवर चाक गेलं, तर त्याच कॅमेऱ्यातून चलान घरी येतं, फोटोसकट. चलानासाठी नंबर वाचता येतो, तर रस्त्यावर पडलेल्या माणसासाठी तोच नंबर शोधता यायला हवा. त्यासाठी जखमी माणसाने अर्ज घेऊन फिरायची गरज नको. अपघाताची खबर आली की आसपासच्या कॅमेऱ्यांचं त्या अर्ध्या तासाचं फुटेज आपोआप राखून ठेवायचं, एवढाच नियम करा. ब्रिटनमध्ये 'ऑपरेशन स्नॅप' नावाने पोलीस नागरिकांचे व्हिडिओ ऑनलाइन घेतात आणि तपासून पुढची कारवाई स्वतः करतात. आपल्याकडेही वाहतूक पोलिसांच्या अॅपवर नागरिकांना तक्रार पाठवायची सोय आहे. ती वापरा, आणि पुढे काय झालं हे कळवायची मागणी करा. तक्रारीचं काय झालं ते कळत नाही, म्हणूनच लोक ग्रुपवर कोर्ट भरवतात.

महापालिकेलाही एक सांगणं आहे. २०१७ च्या सायकल आराखड्यात आठशे किलोमीटरहून जास्त लांबीचं सायकल मार्गांचं जाळं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात भाड्याच्या सायकली आल्या, आणि काही वर्षांत दिसेनाशाही झाल्या. जे सायकल ट्रॅक झाले, त्यांवर आज काय आहे ते माझ्या फुटेजमध्ये रोज दिसतं. पार्क केलेल्या चारचाक्या, वडापावची गाडी, आणि मधोमध डीपी बॉक्स. मी त्या टेम्पोच्या समोर होतो, कारण ट्रॅकवर जायला जागाच नव्हती. ही चूक टेम्पोवाल्याची एकट्याची नाही.

तर मग कॅमेरा लावावा का? परवडत असेल तर लावा. तुमच्या घरच्यांसाठी लावा. जसा विम्याचा कागद कपाटात असतो, तसा तो असू द्या. मी स्वतःपुरते काही नियम केलेत, ते सांगतो.

रोजचं फुटेज बघायचं नाही. काही घडलं तरच कार्ड काढायचं, नाहीतर कॅमेरा आपला जुनं पुसत राहील.

चेहरा किंवा नंबर दिसणारी क्लिप कुठल्याही ग्रुपवर टाकायची नाही. तक्रार करायची तर पोलिसांकडे.

खड्डे, उघडी झाकणं, ट्रॅकवरचं पार्किंग यांचे व्हिडिओ मात्र भरपूर टाकायचे, नंबरप्लेट झाकून. आपलं भांडण त्या एका गाडीशी नाही, ट्रॅक कोणालाही अडवू देणाऱ्या कारभाराशी आहे.

रविवारी सिंहगडाकडे जाताना खडकवासल्याजवळ, किंवा पाषाण-खडकीला, जिथे छायाचित्रणाला मनाई अशी पाटी आहे तिथे कॅमेरा बंद. आपल्या शहरात लष्करी आणि संरक्षण संस्था बऱ्याच आहेत, नसता ताप नको.

आणि शेवटचा नियम मुलीने घालून दिलाय. कॅमेरा नसताना मी जे बोललो नसतो, ते कॅमेरा असतानाही बोलायचं नाही. हा अजून पुरता जमत नाहीये.

येत्या आठवड्यात मी फुटेज राखून ठेवण्याच्या मागणीचं निवेदन पोलीस आयुक्त आणि महापालिका आयुक्तांना देणार आहे. सोबत सही करायची असेल तर खाली 'हो' लिहा. तुमच्या घरात कोणाला 'अज्ञात वाहनाने' ठोकलं असेल, तर तो अनुभवही लिहा, निवेदनाला जोडता येईल. फक्त कृपा करून कमेंटमध्ये कोणाच्या गाडीच्या नंबरचे व्हिडिओ टाकू नका. टाकलेत तर काढून टाकीन, रागावू नका.