यकृताचे माप : किती द्यायचे, किती राखायचे

यकृत कापले तरी पुन्हा वाढते, हे आता घरोघरी ठाऊक झाले आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसाचे यकृत निकामी झाले आणि डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषय काढला, की नातेवाईक पहिली चौकशी करतात ती रक्तगटाची. रक्तगट जुळला, की आता अडचण उरली नाही अशी समजूत होते. त्यानंतर दात्याच्या यकृताचे माप घ्यावयाचे असते आणि त्या मापावर एखाद्याचे दान नाकारलेही जाऊ शकते, याची कल्पना फार थोड्यांना असते. नकार आला म्हणजे घरात जे घडते ते क्लेशकारक असते. दात्याला अपराधी वाटते, रुग्णाला आपल्यावर दैव उलटले असे वाटते आणि कोणीतरी सुचवतो, ‘दुसरीकडे दाखवून पाहू.’ म्हणून हे माप कसे घेतात आणि ते कोणाच्या रक्षणासाठी असते, हे सविस्तर पाहू.

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे समजण्यापुरते आहेत, पण असे आकडे या कामात नित्य समोर येतात. वडील बासष्ट वर्षांचे, सिरोसिसचे रुग्ण. वजनकाट्यावर त्यांचे वजन ७४ किलो भरते; परंतु जलोदरामुळे पोटात बरेच पाणी साचलेले आहे आणि ते वजा केले तर खरे वजन ६६ किलो. लेक एकतीस वर्षांची, वजन ५२ किलो, रक्तगट जुळलेला, मनाची पूर्ण तयारी. ती म्हणते, “बाबा, तुम्ही काळजी करू नका, मी आहे ना.”

रुग्णाला किती यकृत लागेल याचा सर्वमान्य ठोकताळा असा, की रोपण करावयाच्या भागाचे वजन रुग्णाच्या वजनाच्या किमान ०.८ टक्के असावे. काही अनुभवी केंद्रे विशेष उपाय योजून ०.६ टक्क्यापर्यंत खाली जातात. तो त्यांच्या कौशल्याचा भाग झाला. वडिलांना ६६ किलोंच्या हिशेबाने सुमारे ५३० ग्रॅम यकृत हवे. हेच गणित ७४ किलोंवर मांडले तर ५९० ग्रॅमच्या वर जाते. म्हणूनच रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांनी पोटातील पाणी काढल्याच्या तारखा आणि त्या आधीची व नंतरची वजने वहीत टिपून ठेवावीत. ती वही डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते.

यापेक्षा लहान तुकडा बसवला तर काय होते? आतडी आणि प्लीहा यांतून येणारे सारे रक्त पोर्टल शिरेतून यकृतात शिरते. सिरोसिसच्या रुग्णात त्या रक्ताचा दाब व ओघ आधीच वाढलेला असतो. मोठ्या यकृतासाठी असलेला तो लोंढा छोट्या तुकड्यावर कोसळला, की तुकडा सुजतो, कावीळ उतरत नाही, पोटात पुन्हा पाणी भरू लागते. शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही रुग्ण हातचा जाऊ शकतो.

आता दुसरी बाजू. दात्याच्या शरीरात त्याच्या मूळ यकृताच्या किमान ३० टक्के भाग राहिलाच पाहिजे. दाता वयाने मोठा असेल किंवा यकृतात थोडीही चरबी असेल, तर ३५ टक्के वा त्याहून अधिक. यकृत वाढते हे खरे, पण कापलेला भाग पुन्हा उगवत नाही. उरलेला भाग आकाराने मोठा होतो. ही वाढ पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने आणि पुढे काही महिने सावकाश होते. तोपर्यंतचे दिवस दात्याला उरलेल्या भागावरच काढावयाचे असतात.

हे माप घेतले जाते सीटी स्कॅनवर. दात्याला काही तास उपाशी ठेवतात. मूत्रपिंडे ठीक आहेत ना, हे क्रिएटिनिन तपासून आधीच पाहिलेले असते, कारण शिरेतून आयोडीनयुक्त औषध द्यावयाचे असते. ते टोचताना सर्वांगातून ऊब पसरल्यासारखी वाटते, काहींना कपड्यात लघवी झाल्याचा भास होतो. घाबरण्याचे कारण नाही, अर्ध्या-एक मिनिटात ते ओसरते. सांगितले की श्वास रोखून स्थिर राहावे, इतकेच दात्याच्या हाती असते. औषधाआधीच्या चित्रांत यकृत आणि प्लीहा यांची तुलना करतात. निरोगी यकृत प्लीहेपेक्षा किंचित उजळ दिसते, चरबीने भरलेले काळसर. त्यानंतर काही सेकंदांच्या अंतराने पुनःपुन्हा चित्रे घेतली जातात: प्रथम धमन्या उजळतात, मग पोर्टल शीर, शेवटी यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा.

मोजणीची युक्ती मात्र साधी आहे. सुरणाचा वेडावाकडा गड्डा डोळ्यांसमोर आणावा. त्याचे घनफळ फूटपट्टीने काढता येत नाही. पण त्याच्या सारख्या जाडीच्या पातळ चकत्या केल्या, प्रत्येक चकतीचे क्षेत्रफळ काढले, त्याला जाडीने गुणले आणि सर्वांची बेरीज केली, तर घनफळ मिळते. सीटी यंत्र पोटाच्या चित्रांच्या अशाच चकत्या देते. सीटीवरून यकृताचे घनफळ अचूक काढता येते, हे १९७९ मध्येच दाखवून दिले गेले होते. तेव्हा प्रत्येक चित्रावर यकृताची कड हाताने गिरवावी लागे. आता संगणक ती आखतो आणि रेडिओलॉजिस्ट तपासून दुरुस्त करतो. ही दुरुस्ती महत्त्वाची असते. पित्ताशय किंवा एखादी मोठी शीर चुकून यकृतात धरली गेली, की आकडा फुगतो.

एकूण घनफळ कळून भागत नाही. सुरी कोठून जाणार, हे ठरवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. वरून पाहिले तर यकृतावर एक ठळक पडदा दिसतो आणि तोच उजव्या-डाव्याची सीमा असे पूर्वी मानत. खरी सीमा तेथे नाही. पित्ताशयाच्या खाचेपासून मागच्या महाशिरेपर्यंत जाणारी ती एक अदृश्य रेषा आहे, हे जेम्स कँटली या स्कॉटिश शल्यविशारदाने १८९७ मध्ये मांडले. (हाँगकाँगमध्ये वैद्यक शिकवणारे हेच कँटली, त्यांचा विद्यार्थी सन यत्-सेन १८९६ मध्ये लंडनच्या चिनी वकिलातीत डांबला गेला, तेव्हा त्याची सुटका त्यांच्याच धडपडीने झाली.) या रेषेतूनच मधली शीर जाते. तिची शाखा उजवीकडचे किती रक्त वाहून नेते, ती शीर दात्याकडे ठेवायची की रुग्णाला द्यायची, हेही त्याच चित्रांवरून ठरते. पित्तनलिकांसाठी एमआरआय वेगळे करतात.

आपल्या उदाहरणातील लेकीचे मोजमाप झाले. एकूण यकृत १०१० मिलिलिटर. उजवा भाग ७२७, डावा २८३. एक मिलिलिटर म्हणजे ढोबळमानाने एक ग्रॅम. परंतु जिवंत शरीरातील यकृत रक्ताने भरलेले असते आणि काढलेला भाग धुतल्यावर रिता होतो, म्हणून प्रत्यक्ष वजन सीटीच्या आकड्याहून बहुधा दहाएक टक्क्यांनी कमी भरते, कधी त्याहूनही अधिक फरक पडतो. तो वजा करूनही ६५० ग्रॅम उरतात. वडिलांची गरज ५३०. घरच्यांचे चेहरे उजळतात.

पण लेकीकडे काय उरते? २८३, म्हणजे २८ टक्के. आणि डावा भाग द्यावा म्हटले, तर तो वडिलांच्या वजनाच्या जेमतेम ०.४ टक्के. लेकीचे यकृत बाबांना पुरते, पण लेकीला उरत नाही. उत्तर नकाराचे आहे, आणि ते योग्य आहे.

उजव्या भागाच्या दानात निरोगी दात्याच्या जिवाला असलेला धोका साधारणतः हजारात दोन ते पाच असा सांगितला जातो, आणि तोही काटेकोर निवडीनंतरचा. माप डावलून शस्त्रक्रिया केली, तर त्या आकड्याचा आधारही राहत नाही. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक आहे आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुष अधिक. साहजिकच लहान चणीच्या बायकोचे किंवा लेकीचे यकृत मोठ्या चणीच्या पुरुषासाठी मोजले जाते आणि असा पेच वरचेवर उभा राहतो. २८ टक्क्यांवर ‘चालेल’ म्हणणारा कोणी भेटेलही. तेथे धाव घेण्यापूर्वी वडिलांनी स्वतः थांबावे, असे मला आग्रहाने वाटते.

अशा वेळी वाटा अगदीच बंद होत नाहीत. समजा, या घरात अडतीस वर्षांचा मुलगा आहे. त्याचे यकृत मोठे, विभागणी उत्तम, मात्र त्यात चरबी आहे. चरबीचे यकृत मापात मोठे आणि कामात उणे. आहार, चालणे आणि वजनातील घट यांनी काही आठवड्यांपासून काही महिन्यांत ती बऱ्याच जणांत उतरते. मग एमआरआयवर पुन्हा मोजून निर्णय होतो. वडिलांची प्रकृती तेवढा काळ धरेल का, हा खरा प्रश्न असतो. दरम्यान मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवून ठेवावे. अपवादात्मक परिस्थितीत दोन दात्यांचे दोन लहान भाग एकाच रुग्णाला बसवतात. कोरियातील शल्यविशारदांनी २००० मध्ये हा मार्ग काढला. पण त्यात एका घरातील दोन निरोगी माणसे शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातात, हे ध्यानात घ्यावे.

नातवंडांविषयी थोडे. १९९४ च्या कायद्यात २०११ साली झालेल्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांनाही जवळच्या नातेवाइकांत धरले आहे. नातू अठरा वर्षांचा झाला, यकृतही मापात बसले, तरी ते घ्यावे असा त्याचा अर्थ नाही. तो निर्णय नातवाने एकट्याने, आजोबांच्या समोर न बसता घ्यावयास हवा.

तशी सोय असतेही. दात्याशी डॉक्टर आणि समुपदेशक स्वतंत्रपणे बोलतात. शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत केव्हाही त्याला माघार घेता येते. ती घेतली, तर बहुतेक ठिकाणी घरच्यांना ‘वैद्यकीय कारणाने योग्य नाही’ एवढेच कळवले जाते. त्यामुळे असा निरोप आल्यावर दात्याच्या अहवालाची प्रत मागून आकडे धुंडाळत बसू नये. मात्र दान ठरले असेल, तर अहवाल समोर ठेवून रुग्णानेच डॉक्टरांना विचारावे: मला किती ग्रॅम मिळणार, हे पाणी वजा केलेल्या वजनावर धरले आहे का, आणि माझ्या मुलाकडे किती टक्के उरणार?