पावती कोणी द्यायची?

तारापूर एमआयडीसीतून निघालेले लोखंड बोईसरच्या भंगारवाल्याकडे सापडले, की पहिला चोर तोच. त्यातून नाव आपल्यातले असेल तर विचारूच नका! १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम १२४ चोरीचा वाटणाऱ्या मालाचा समाधानकारक खुलासा त्याच्याकडूनच मागते. गोणी घेऊन फिरणारी बाई त्याला कसली पावती देणार? १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून घेतलेल्या धातूच्या भंगारावरचा जीएसटीही नोंदणीकृत खरेदीदारानेच भरायचा. म्हणजे कर घेताना तो व्यापारी, पंचनाम्यात संशयित. चोरीचा माल घेणाऱ्याला जरूर पकडा. पण माल कारखान्याच्या गेटाबाहेर आला कसा, हे गेटवर कोणी विचारते का? माझ्या वर्गातली पोरे फॉर्मवर बापाचा धंदा ‘बिझनेस’ लिहायला सांगतात.